गाळलेल्या जागा सुनेनं कशा भरायच्या?

प्रश्न: सांगलीतल्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. वय ६३, नोकरीतून रिटायर, मिस्टर पाच वर्षांपूर्वी गेले, मुलगा-सून पुण्यात. गौरी-गणपतीच्या आधी त्यांनी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, "गौरी जवळ आल्या... तुम्हाला जमलं तर बघा... नाहीतर मी करीन एकटी..." सुनेनं तो वाचून नवऱ्याला सांगितलं की आईंनी टोमणा मारलाय. दोघं आले, पण एक रात्र राहून परत गेले, आणि ही टोमण्याची गोष्ट नंतर मुलाच्या तोंडून कळल्यापासून ताईंनी ग्रुपवर लिहायचंच कमी केलंय. त्यात आणखी एक झालं. त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघतीय, त्यात ताईंचा लेख आहे, आणि प्रूफं बघणाऱ्या मुलानं लेखातली सगळी टिंबं काढून टाकली आणि बाजूला लिहिलं, "एवढे डॉट नकोत." ताई विचारतायत, "टिंबं देणं चूक आहे का? की आजकालच्या मुलांना भाषाच कळत नाही? मी आता टिंबं बंदच करून टाकू का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि जिथं जिथं टिंबं आहेत तिथं खूण केली. चुका काढायला नाही हो, टिंबं नेमकी कुठं पडतात ते बघायचं होतं. आणि एक गोष्ट दिसली ती तुम्हाला सांगायलाच हवी. भिशीबद्दल लिहिलंय, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलंय, तिथं टिंबं जवळजवळ नाहीतच, सरळ वाक्यं आहेत, पूर्णविराम आहेत. मुलाचं नाव आलं की टिंबं सुरू होतात. मिस्टरांचा विषय आला की ती तीनाची पाच होतात.

यावर मी पुढं येतेच, पण आधी तुमच्या बाजूनं एक बोलते, कारण तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

माझे वडील कोरेगावहून पोस्टकार्ड लिहायचे. १५ पैशांचं कार्ड, लिहायला जागा एवढीशी, त्यात नवीन परिच्छेद करायची चैन परवडायची नाही. मग एक विषय संपला की चार टिंबं द्यायची आणि त्याच ओळीत दुसरा विषय सुरू. पाऊस बरा आहे.... म्हैस व्याली.... आत्या येऊन गेली.... तुझी फी भरली का कळव.... असं सगळं. यात कुणाला टोमणा दिसायचा नाही, कारण टिंबांचा अर्थ एवढाच होता की हे झालं, आता दुसरं सांगतो. तुमच्या-माझ्या पिढीचा हात त्या कार्डावर बसलाय, आणि आपण फोनवर टाईप करायला लागलो तरी हात तोच आहे.

फोनवर जागेची टंचाई मात्र नाहीय, आणि आपली पोरं कार्डावर लिहायला शिकलेलीच नाहीत. ती एक वाक्य लिहितात, सेंड करतात, मग दुसरं लिहितात, सेंड करतात. दोन मेसेजमधली मोकळी जागा हाच त्यांचा श्वास. बऱ्याच जणांच्या मेसेजच्या शेवटी साधा पूर्णविरामपण नसतो, कारण मेसेज संपला म्हणजे वाक्य संपलं हे दिसतंच आहे, आणि मग तिथं कुणी पूर्णविराम दिला तरी "ही चिडलीय का" असं वाटून जातं. अशा डोळ्यांना तीन टिंबं दिसली की ती "आता दुसरं सांगते" अशी वाचली जात नाहीत, "काहीतरी मनात ठेवलंय आणि मुद्दाम दाखवलंय की ठेवलंय" अशी वाचली जातात. तेव्हा मुलांना भाषा कळत नाही हे मला पटत नाही ताई. त्यांना भाषा कळतीय, चिन्हाचा अर्थ त्यांच्या घरात वेगळा लागतोय, आणि तुमच्या सुनेला तुमची पोस्टकार्डं कुणी वाचून दाखवलेली नाहीत.

शाळेत पेपरमध्ये "गाळलेल्या जागा भरा" असायचं ते आठवतंय? एक ओळ, मध्ये टिंबं टिंबं, आणि आपण शब्द भरायचा. तीन टिंबं म्हणजे तेच आहे, वाचणाऱ्याला दिलेली गाळलेली जागा. फक्त शाळेत निदान कंसात दोन-तीन शब्द दिलेले असायचे, त्यातला एक निवडायचा. मेसेजमध्ये कंस नसतो. मग माणूस काय भरतो? त्याच्या मनात त्या क्षणी जे सगळ्यात वर असतं ते भरतो, आणि बहुतेक वेळा वर भीती असते.

माझ्याच घरातलं सांगते. चारेक वर्षांपूर्वी आई सांगलीत भावाकडे होती आणि मी साताऱ्यात. सकाळी भावाचा मेसेज, "आईला ऍडमिट केलंय... काळजी करू नको... बघू..." मी फोन लावला तर लागेना, लावला तर लागेना, मिळेल ती एसटी पकडली. कराड येईपर्यंत मी त्या "बघू" नंतरच्या टिंबांत हार्ट अटॅक भरला होता, पेठ नाक्याला गाडी सांगलीकडं वळली तेव्हा त्याहून वाईट भरलं होतं, आणि आष्ट्याला भावाचा फोन आला की रात्रभर उलट्या झाल्या म्हणून सलाईन लावलंय, संध्याकाळी घरी सोडतायत. भावाच्या मनात "बघू" म्हणजे "संध्याकाळी सोडतायत का बघू" एवढंच होतं. त्याच्यावर मी चिडले नाही, तो स्वतः रात्रभर जागा होता. पण तेव्हापासून आमच्या घरात एक ठरलंय, दवाखाना, पैसे, प्रवास आणि तारीख या चार गोष्टींत टिंबं द्यायची नाहीत, वाक्य पूर्ण करायचं, मग ते कितीही साधं असू दे.

आता तुमच्या त्या गौरीच्या मेसेजकडं येऊ, कारण खरा गुंता तिथं आहे.

तुम्ही लिहिलंय की "माझ्या मनात टोमणा अजिबात नव्हता". मी शंभर टक्के मानते. पण मग काय होतं? "तुम्हाला जमलं तर बघा" आणि टिंबं. त्या टिंबांच्या जागी एक कागद घेऊन शब्दांत लिहा बरं, पूर्ण. मी तुमच्या पत्रावरून अंदाज करते, चुकला तर मला कळवा. मला वाटतं तिथं असं काहीतरी होतं की मला गुडघ्यांमुळं आता माळ्यावरून गौरीचे मुखवटे काढणं, सजावट करणं, पुरणाचा घाट घालणं एकटीला होत नाही, ह्यांच्या माघारी हे घर सणाला फार मोठं वाटतं, तुम्ही दोन दिवस आधी आलात तर मला फार बरं वाटेल, पण तुम्हाला सुट्टी मिळत नाही हेही मला माहितीय आणि मागून घेतल्यासारखं नको वाटतं. एवढं सगळं तीन टिंबांत कोंबलंय ताई. सुनेला टिंबं बघून कळलं की आई काहीतरी गिळतायत. तिथपर्यंत तिचं बरोबरच होतं! काय गिळतायत ते तिनं चुकीचं ओळखलं. तुम्ही मागणं गिळलं होतं, तिला वाटलं तक्रार गिळलीय. आणि "नाहीतर मी करीन एकटी" हे वाक्य असं आहे की त्याच्यापुढं टिंबं आली की ते तक्रारीसारखंच वाजतं, माझ्या आईनं लिहिलं असतं तरी मला तसंच वाजलं असतं.

म्हणून टिंबं चूक का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की वाचणाऱ्याला गाळलेली जागा तुमच्यासारखीच भरता येणार असेल तर टिंबं बिनधास्त द्या, फार सुंदर दिसतात. येणार नसेल तर देऊ नका.

भरता येते म्हणजे कशी? आपल्याकडं अर्ध्या म्हणी बोलायची पद्धत आहे ना, तशी. "नाचता येईना..." एवढं म्हटलं की अंगण आपोआप वाकडं होतं. "आधी पोटोबा..." म्हटलं की विठोबा येतातच. तिथं पुढचं लिहिणं उलट जड वाटतं. तुम्ही जुन्या मैत्रिणीला "गणपतीच्या देवळापाशी भेटायचो ते दिवस..." असं लिहिलंत तर तिला ते दिवस माहीत आहेत, ती तिथं होती, तिची जागा ती बरोबर भरेल. हेच वाक्य तुम्ही सुनेला लिहिलंत तर तिच्यापुढं रिकामी ओळच राहील, कारण ती तिथं नव्हती. तेच टिंब, माणूस बदलला की अर्थ बदलला.

आणि तुम्ही तर सांगलीच्या, नाट्यपंढरीच्या! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला खेळ केला, त्या काळच्या खेळांत पात्रांचे संवाद लिहिलेले नसायचे, सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची, त्यामुळं थांबायचं कुठं हे कागदावर दाखवायचा प्रश्नच नव्हता. पुढं नाटकं लिहून यायला लागली तेव्हा नटाचा श्वासही कागदावर आला. आता एखाद्या एकांकिकेच्या संहितेत "बाबा, मी..." असं असतं तेव्हा नटाला कळतं की आवाज इथं विरघळवायचा, वाक्य गिळायचं. आणि समोरच्यानं वाक्य मध्येच तोडलं असेल तर तिथं मी टिंबं न देता आडवी रेघ देते, "बाबा, मी —" अशी, म्हणजे आपणहून थांबला की कुणी थांबवला हा फरक दिसतो. पण नटाच्या टिंबांना त्याचा चेहरा असतो, डोळे असतात, समोर प्रेक्षक असतात. मेसेजमधल्या टिंबांमागं तुमचा चेहरा नसतो ताई, आणि तुमचा चेहरा सुनेनं पाहिला असता तर ती दोन दिवस आधीच आली असती असं मला वाटतं.

स्मरणिकेच्या त्या मुलाबद्दल. त्यानं सगळीच टिंबं काढली हे मला पटलं नाही, आणि तुम्हाला वाईट वाटलं ते साहजिक आहे. या चिन्हाला व्याकरणाच्या पुस्तकात लोपचिन्ह म्हणतात, ते मराठी विरामचिन्हांच्या यादीत रीतसर आहे, कुणी फोनवर काढलेली फॅशन नाही. तसं बघितलं तर आपली सगळीच विरामचिन्हं उशिरा आलेली आहेत. मोडीत लिहिताना आधी रेघ आखायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जायचं, शब्दसुद्धा सुटे नाहीत, विरामचिन्हांचं तर नावच नको. पोथ्यांत दंड असायचे, बाकी काही नाही. इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवायचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, त्यांनी १८५० मध्ये त्यावर मराठीत पुस्तकच काढलं. म्हणजे तुमच्या सांगलीतल्या त्या पहिल्या खेळानंतर सात वर्षांनी. आणि शासनानं मान्य केलेले शुद्धलेखनाचे जे १८ नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, ते अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वगैरेंचे आहेत. डोक्यावरच्या टिंबाचे नियम त्यात आहेत, ओळीत पायाशी पडणाऱ्या ह्या तीन टिंबांचे नाहीत. म्हणून इथं त्या मुलाकडं नियमाचं पुस्तक नाही आणि तुमच्याकडंही नाही, दोघांनी समोरासमोर बसून एकेका जागेचा विचार करायचा आहे. तो म्हणेल हे टिंब का, तुम्ही सांगायचं का. सांगता आलं की राहील, नाही सांगता आलं की जाईल. मी माझ्या लेखांना हेच करते आणि दहातली सात-आठ जातात.

स्मरणिकेत एका ठिकाणी मात्र टिंबं फार जपून. तुम्ही लिहिलंय की शाळेच्या जुन्या हेडसरांच्या पत्रांतले उतारे तुम्ही लेखात घेतलेत आणि मधला मधला मजकूर वगळलाय. वगळलं तिथं तीन टिंबं द्यायलाच हवीत, न देता दोन तुकडे जोडणं म्हणजे सरांच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. पण टिंबं दिली म्हणजे काहीही वगळायची मुभा मिळाली असंही नाही. समजा सरांनी लिहिलंय, "यंदा निकाल चांगला लागला असला तरी गणितात मुलं मागं आहेत, शिक्षकांनी लक्ष घालावं." आणि आपण छापलं, "यंदा निकाल चांगला लागला..." टिंबं आहेत, अक्षर न् अक्षर सरांचं आहे, तरी सर काळजी करत होते आणि आपण त्यांना खूश दाखवलं. ध चा मा करायला अक्षर बदलावंच लागतं असं नाही, अक्षर गाळूनही होतो. "नाही", "तरी", "पण", "जर" हे शब्द टिंबांच्या पोटात गेलेत का ते आधी बघा. आणि मूळ पत्रात सरांनी स्वतःच टिंबं दिली असतील तर आपण वगळल्याची टिंबं चौकटी कंसात ठेवा, [...] अशी, म्हणजे सरांची कुठली आणि तुमची कुठली ते कळेल.

बाकी लिहायच्या-छापायच्या बारीक गोष्टी पटकन सांगते कारण हेच विचारणारी अजून पाच-सहा पत्रं माझ्याकडं पडून आहेत. टिंबं तीन. दोन दिली तर हात चुकला असं वाटतं, सात दिली तर फॉर्मवरची सही करायची जागा वाटते. आधीच्या शब्दाला चिकटून द्यायची, नंतर एक जागा सोडायची. तीन टिंबांनंतर परत स्वल्पविराम नको. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह चालतं, "आणि तो आलाच तर...?" असं. "कांदे, बटाटे, भाजी... वगैरे" यात एकच काहीतरी ठेवा, "वगैरे" आलं की टिंबांचं काम झालं. कॉम्प्युटरवर ही तीन टिंबं मिळून एकच अक्षर असतं, वर्डमध्ये तीनदा पूर्णविराम दाबला की ते बहुतेक आपोआप तसं होतं, आणि त्याचा उपयोग असा की ओळ संपताना दोन टिंबं वर आणि एक खाली असं तुटत नाही. स्मरणिका डीटीपीवाल्याकडं जाईल तेव्हा त्याला सांगून ठेवा की सगळीकडं एकच प्रकार कर, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेला असेल तर चिन्हं परत एकदा डोळ्यांखालून घाला, अक्षरं नीट येतात पण चिन्हं बदलून बसतात.

आणि तुम्ही सोसायटीच्या नोटिसापण लिहिता असं दिसतंय, तिथं तर एकही टिंब नको. "मेंटेनन्स १५०० रुपये... १० तारखेपर्यंत..." असं लिहिलं की निम्म्या लोकांना वाटतं अजून काही जुळवाजुळव चालणार आहे. पावतीवर अक्षरी रक्कम लिहून आपण शेवटी "फक्त" का लिहितो, पुढची जागा बंद करायलाच ना? पैशाच्या वाक्याला तेवढाच घट्ट शेवट हवा. तासगावला बेदाण्याचा सौदा करणारा माणूस "माल पाठवतो... रेट बघून..." असा मेसेज करेल तर समोरच्यानं गाडी भरायची की थांबायचं?

टिंबं बंदच करून टाकू का, असंही विचारलंय तुम्ही. नका हो बंद करू. तुमच्या पत्रात मिस्टरांबद्दल एक वाक्य आहे, ते किर्लोस्करवाडीहून सुटून यायच्या वेळेला तुम्ही अजून चहाचं आधण ठेवता आणि मग आठवतं. तिथं जी टिंबं आहेत ती मी कुणालाही काढू देणार नाही, ते वाक्य तिथंच थांबायला हवं. ते वाक्य लेखातही असेल आणि त्या मुलानं तिथली टिंबं काढली असतील तर त्याला एवढंच वाचून दाखवा.

सुनेशी बोलायचं राहिलंय, ते फोनवर नको आणि ग्रुपवर तर नकोच. ग्रुपवर सासू-सुनेचं स्पष्टीकरण सगळ्या नातेवाईकांपुढं नको. तिला एकटीला लिहा. मुलाला मध्ये घालू नका, एकदा गोष्ट त्याच्या तोंडून आली आणि बिघडली. आणि हे वाचणाऱ्या सगळ्या सुना, लेकी, जावई, मुलगे, तुम्हालाही सांगते, आईच्या मेसेजमध्ये टिंबं दिसली आणि पोटात काहीतरी झालं तर एवढंच विचारा, "आई, पुढं काय म्हणायचं होतं?" जागा आपल्या मनानं भरायच्या आधी विचारलेलं बरं.

ताई, तुमच्यासाठी मी एक मेसेज लिहून ठेवलाय. माझे शब्द तुम्हाला तुमचे वाटणार नाहीत, तर तुमच्या पद्धतीनं बदला, पण वाक्यं पूर्ण ठेवा.

"अगं, गौरीच्या आधी मी जो मेसेज टाकला त्यात मला तुला बोल लावायचा नव्हता. मला म्हणायचं होतं की लवकर या, मला एकटीला आता सगळं होत नाही आणि तुम्ही आलात की घर भरल्यासारखं वाटतं. ते सरळ मागायला मला जड गेलं. दिवाळीला सुट्टी मिळाली तर दोन दिवस आधी ये, आपण मिळून चकल्या करू. नाही मिळाली तर तसं कळव, मी पुण्याला डबा घेऊन येईन."